शेजाऱ्याच्या घरून आलेला नळ

माझं गाव नाकाडोंगरी, तालुका तुमसर. मध्य प्रदेशची सीमा अगदी जवळ. आमच्याकडे मँगनीजच्या खाणी आहेत, पण तेलविहीर नाही आणि समुद्र तर शेकडो किलोमीटर दूर. ट्रॅक्टरचं डिझेल असो की घरचं सिलिंडर, सगळं बाहेरून रस्त्याने येणार. आता हीच अवस्था अख्ख्या देशाची असेल तर? नेपाळची तशीच आहे.

नेपाळ पेट्रोल-डिझेल भारताकडून घेतो, इंडियन ऑईलमार्फत. कित्येक वर्षं हा माल टँकरने जायचा. 2015 च्या सप्टेंबरात नवीन राज्यघटनेवरून तराईत आंदोलन पेटलं, सीमेवर टँकर अडकले आणि तिकडे काही महिने चुली पेटायचे वांधे झाले. नाकेबंदी भारताने केली, असं नेपाळ म्हणायचा. भारताने ते नाकारलं. भांडण कोणाचंही असो, रांगेत उभा राहिला तो सामान्य माणूस.

10 सप्टेंबर 2019 ला बिहारमधल्या मोतिहारीपासून नेपाळमधल्या अमलेखगंजपर्यंत 69 किलोमीटरची पाइपलाइन सुरू झाली. दक्षिण आशियातली देशाची सीमा ओलांडणारी ही पहिली तेल पाइपलाइन. क्षमता वर्षाला 20 लाख टन. जरा गणित करू. दिवसाला साधारण साडेपाच हजार टन झाले. एका टँकरमध्ये 15 टन धरले, तर रोजचे साडेतीनशेच्या वर टँकर वाचले! गळती, चोरी, ट्रॅफिक कमी, ते वेगळंच.

मग सगळेच देश पाइप का टाकत नाहीत? कारण टँकर किंवा जहाज म्हणजे आठवडी बाजार. आज या दुकानात, उद्या त्या. पाइपलाइन म्हणजे सोयरीक! जमिनीत गाडलेला पाइप उचलून दुसऱ्याच्या दारात नेता येत नाही. इराणचा गॅस पाकिस्तानमार्गे भारतात आणायची बोलणी वर्षानुवर्षं चालली, पण दर आणि सुरक्षिततेवर गाडी अडली. आपल्या दाभोळला गॅस येतो तो जहाजाने, उणे 162 अंशाला द्रवरूप करून. असं केल्याने त्याचं आकारमान सुमारे सहाशेपट कमी होतं. खर्च जास्त, पण विकणारा बदलता येतो.

म्हणून मला वाटतं, पाइप टाकणाऱ्या इंजिनिअरने व्यास आणि दाब काढला की काम संपत नाही. नळ बंद झाला तर किती दिवस पुरेल, एवढी टाकी आधी बांधावी. शेजारी कितीही चांगला असला तरी!