रॅम वाढवली, तरी आवाज मागेच

घरी गाणं रेकॉर्ड करणाऱ्याची तक्रार बहुतेक एकच असते: हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज उशिरा येतो, त्यामुळे सम हुकते. दुकानातला सल्लाही ठरलेला, "रॅम वाढवून घ्या." 8 जीबीची 16 होते, पैसे जातात आणि आवाज होता तिथेच मागे राहतो.

संगणक सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने घेतो, पण ते एकेक करून पुढे पाठवत नाही. थोडे साठले की एकदम पाठवतो. हा साठा म्हणजे बफर. 1,024 नमुने साठायला 23 मिलिसेकंद लागतात. आत येताना एकदा, बाहेर पडताना पुन्हा, म्हणजे 46. तोच बफर 128 वर आणला की ही फेरी सहाच्या आसपास येते. माइक संगणकाला जोडणाऱ्या इंटरफेसचा थोडा वेळ वेगळा. या हिशेबात रॅम कुठेच नाही.

46 मिलिसेकंद म्हणजे किती? हवेतून आवाज एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो. वारीत वाखरीच्या वाटेवर पखवाजापासून दहा मीटर मागे चालणाऱ्या टाळकऱ्याला थाप 29 मिलिसेकंद उशिरा ऐकू येते. म्हणून काही दिंडी थांबत नाही. गायकाचं दुखणं वेगळं आहे. त्याचा आवाज कवटीच्या हाडांतून त्याला लगेच ऐकू येतो. मागून हेडफोनमधला येऊन त्यात मिसळला की गळा पोकळ वाटू लागतो. तिथे थोडासा उशीरही खुपतो.

मग बफर कायम लहानच का ठेवू नये? कारण मग प्रोसेसरला दर तीन मिलिसेकंदांनी काम उरकावं लागतं. नाही उरकलं की कडकड ऐकू येते. त्यात सोलापूरचा मे महिना! माइकसाठी पंखा बंद, खोली तापलेली, आणि तापलेला लॅपटॉप आपला वेग आपणच कमी करतो. म्हणून गाताना बफर लहान, मिक्सिंगला मोठा. विंडोजवर इंटरफेसचा असिओ ड्रायव्हर वापरावा. स्टाइनबर्गने 1997 मध्ये आणलेली ही पद्धत विंडोजच्या नेहमीच्या लांबच्या वाटेने जात नाही. ब्लूटूथ हेडफोन तर नकोच, त्याचा उशीर अनेकदा शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा. इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर'चं बटण असेल तर माइकचा आवाज संगणकात न फिरता थेट कानात येतो. हा उपाय फुकटचा, म्हणूनच बहुधा कोणी सांगत नाही.

रॅम लागते ती कीबोर्डवर सतार किंवा व्हायोलिन वाजवताना. तिथे प्रत्येक सुराची वेगवेगळ्या जोराची रेकॉर्डिंग असतात. त्यांची सुरुवात रॅममध्ये तयार ठेवली जाते, उरलेलं डिस्कवरून येतं. रॅम अपुरी पडली की वाजवताना सूर तुटतात. नुसता गळा आणि पेटी घेणाऱ्याला 8 जीबी सहसा पुरते.

वाचलेल्या पैशांत दोन जाड सोलापुरी चादरी घेऊन माइकच्या आजूबाजूला टांगाव्यात, खोलीतला घुमारा कमी होतो. सोलापूरच्या पूर्व भागात घर असेल तर शेजारच्या यंत्रमागाची खटखट मात्र चादरीने अडत नाही.