शिशुशाळेतील पहिले दिवस

चंदीगढ शहराची आखणी १९५१ साली ल कॉर्बुझिए या वास्तुशिल्पज्ञाकडे सोपविण्यात आली. सुमारे ८०० मीटर रुंद व १२०० मीटर लांब अशा सेक्टरांत शहर विभागले गेले. वेगाने धावणारी वाहने सेक्टरांच्या कडेने जावीत, शाळा मधल्या हिरव्या पट्ट्यात असाव्यात आणि मुलाला मोठा रस्ता न ओलांडता तेथे पोहोचता यावे, अशी ती योजना होती. घर व शाळा यांमधील पावलांचे अंतर अशा रीतीने कमी करता येते. परंतु तीन वर्षांच्या मुलास जे अंतर जाणवते, ते पावलांत मोजता येत नाही. शाळा घरासमोर असली, तरी आई दाराबाहेर गेली की ती फार दूर गेली असेच त्यास वाटते.

या भावनेचा उगम पहिल्या वर्षातच होतो. साधारणपणे आठव्या महिन्याच्या सुमारास मूल ओळखीची व अनोळखी माणसे स्पष्टपणे वेगळी करू लागते आणि आई दृष्टीआड होताच रडू लागते. आई दिसली नाही तरी ती कोठेतरी असते, हे तीन वर्षांच्या मुलास ठाऊक असते. पण काळाचे माप त्याच्याजवळ नसते. ‘दुपारी येते’ या शब्दांतील ‘दुपार’ किती लांब आहे, हे त्यास कळत नाही. ‘खाऊ खाऊन झाला, गाणी झाली की येते’ हे मात्र त्यास समजते, कारण या गोष्टी एकामागून एक घडताना त्यास दिसतात.

रडणाऱ्या मुलाची चिंता सर्वांनाच वाटते. न रडणाऱ्या मुलाकडे मात्र पुष्कळदा दुर्लक्ष होते. जेम्स रॉबर्टसन या ब्रिटिश संशोधकाने १९५२ साली रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट तयार केला. फारशी न रडणारी ती मुलगी शांत दिसे, तरी आतून ती व्याकूळ होती, हे त्यात दिसून आले. आईपासून तुटलेले मूल प्रथम आक्रोश करते, मग खिन्न होते आणि अखेरीस अलिप्त बनते, असे रॉबर्टसन व त्यांचे सहकारी जॉन बोल्बी यांनी दाखविले. शाळेचे तीन-चार तास म्हणजे रुग्णालय नव्हे. तथापि कोपऱ्यात निमूट बसलेले मूल ‘रुळले’ असे मानण्याची घाई करू नये, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

जर्मनीत झालेल्या एका अभ्यासाने या प्रश्नाची शारीरिक बाजूही उघड केली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पाळणाघरात नव्याने येणाऱ्या सव्वा वर्षाच्या ७० मुलांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाण तपासण्यात आले. मनावर ताण पडला की ते वाढते. आई निघून गेल्यानंतरच्या पहिल्या तासात ते घरच्यापेक्षा ७५ ते १०० टक्के अधिक आढळले. ज्यांचे आईशी नाते दृढ होते, त्या मुलांचा ताण आई सोबत असेपर्यंत पुष्कळच कमी होता. ती निघून गेल्यावर मात्र तीच मुले अधिक रडली. तेव्हा रडणे हे लाडावल्याचे लक्षण, ही समजूत सोडून द्यावयास हवी. ज्या मातांनी मुलास रुळविण्यासाठी अधिक दिवस दिले, त्यांच्या मुलांचे आईशी असलेले नाते सुरक्षित राहिले किंवा तसे बनले, हेही या पाहणीत दिसले.

म्हणून प्रारंभीचे काही दिवस आई, वडील किंवा आजी यांपैकी एकाने वर्गात नुसते बसून राहावे. मूल खेळता खेळता वळून पाहते, आपले माणूस जागेवर आहे अशी खात्री करून घेते आणि पुन्हा खेळू लागते. शिक्षिकेच्या हातून ते पाणी पिऊ लागले, पडल्यावर तिच्याकडे जाऊ लागले, की थोडा वेळ बाहेर जाऊन पाहावे व हळूहळू तो वाढवावा. जाताना सांगून जावे. मुलाचे लक्ष नाही असे पाहून हळूच निसटणे सोपे असते; परंतु त्यायोगे मूल पुढे आईवरील नजरच काढेनासे होते. निरोप थोडक्यात घ्यावा. दारात पुनःपुन्हा मागे वळणाऱ्या आईची अस्वस्थता मूल तत्काळ ओळखते. घरची एखादी वस्तू, मग ती आजीच्या लुगड्याची गोधडी का असेना, जवळ असू द्यावी. अशा वस्तूंचे महत्त्व डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३ च्या निबंधात विशद केले आहे.

बदलीमुळे चंदीगढला आलेल्या मराठी कुटुंबातील मुलापुढे आणखी एक अडचण असते. त्यास ‘शी लागली’ म्हणता येते, पण शिक्षिकेस ते उमगत नाही. ते ‘खाऊ’ मागते, तेव्हा हिंदी ऐकणाऱ्यास ते ‘मी खाऊ का?’ असे विचारीत आहे असे वाटते. पाण्यास मात्र पंजाबीतही ‘पाणी’च म्हणतात, एवढी सोय आहे! मुलाच्या गरजेचे आठ-दहा शब्द कागदावर लिहून शिक्षिकेस दिल्यास पहिल्या आठवड्यातील निम्मे अश्रू वाचतील. कपडे ओले झाल्याची लाज लहान मुलासही वाटते, आणि शाळेविषयीची भीती पुष्कळदा त्या लाजेतूनच उपजते.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर एकदा उलट दिशेने शोधले गेले. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले; अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पाड्यांवरील मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. अंगणवाडी ती हीच. पुढे कोसबाडला गुरे चारणाऱ्या मुलांसाठी ती कुरणातही गेली. शिंपले, बिया, पाने ही ओळखीची साधने आणि ओळखीची माणसे भोवती असल्याने तेथे मुलास परक्या जागी एकटे सोडण्याचा प्रसंगच कमी येई.

शहरातील शाळेस हे सर्वस्वी शक्य नाही. तेथे दुपारचा प्रसंगही समजून घ्यावा लागतो. दिवसभर आनंदाने खेळलेले मूल फाटकापाशी आई दिसताच हुंदके देऊ लागते. शाळेत काही बिघडले असावे, अशी शंका तेव्हा आईस येते. वस्तुतः सकाळपासून सावरून धरलेल्या भावना मूल आपल्या माणसापाशी मोकळ्या करीत असते. अशा वेळी प्रश्न न विचारता त्यास उचलून घ्यावे. शाळेत काय झाले ते मूल बहुधा संध्याकाळी जेवताना आपण होऊन सांगते.