डिझाइनच्या विद्यार्थ्याचे काम: वर्गातले, वर्गाबाहेरचे आणि त्यावरचा हक्क

दूरदर्शनच्या पडद्यावर फिरत फिरत डोळ्याचा आकार घेणारे चिन्ह देशातील कित्येक घरांच्या ओळखीचे आहे. ते आखणारे देवाशिष भट्टाचार्य तेव्हा अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकत होते. दूरदर्शन १९७६ मध्ये आकाशवाणीपासून वेगळे झाले. त्या सुमारास नव्या बोधचिन्हाचे काम या संस्थेकडे आले आणि अध्यापकांबरोबर विद्यार्थ्यांनीही आराखडे केले. त्यांतून भट्टाचार्य यांच्या आराखड्याची निवड झाली. एक वर्तुळ आणि त्याच्या दोन बाजूंना दोन वक्र रेषा, एवढीच त्याची मूळ रचना होती.

विद्यार्थ्याचे काम वर्गाबाहेर पडून सार्वजनिक वापरात जाते, हे या शिक्षणाचे वैशिष्ट्य आहे. त्यामुळेच हे काम घडते कसे आणि ते बाहेर गेल्यावर त्यावर हक्क कोणाचा, हे दोन्ही प्रश्न विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना माहीत असणे आवश्यक ठरते.

शिक्षणाची पार्श्वभूमी

अमेरिकन डिझाइनकार चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ मध्ये भारत सरकारला एक अहवाल सादर केला. त्यात त्यांनी उत्तम डिझाइनचे उदाहरण म्हणून आपल्या घरोघरच्या लोट्याची निवड केली होती. तो हातात कसा बसतो, कमरेवर किंवा डोक्यावर कसा नेता येतो, त्यातून पाणी कसे ओतले जाते, रिकामा व भरलेला असताना त्याचा तोल कसा राहतो, अशा प्रश्नांची मालिकाच त्यांनी मांडली. या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादची संस्था स्थापन झाली. मुंबईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर १९६९ मध्ये सुरू झाले. पदवीचा अभ्यासक्रम साधारणतः चार वर्षांचा असतो. राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठी तिची स्वतंत्र प्रवेश परीक्षा, तर मुंबई आयआयटीसह काही संस्थांसाठी २०१५ पासून घेतली जाणारी ‘यूसीड’ ही परीक्षा द्यावी लागते.

दिवस कसा जातो

पहिले वर्ष बहुतेक ठिकाणी पायाभूत अभ्यासाचे असते. अनेक संस्थांत एका वेळी एकच विषय काही आठवडे सलग शिकवला जातो. सकाळी स्टुडिओत काम दिले जाते. एकच मडके आधी फक्त रेषेत, मग फक्त छायेत काढायचे. लाल आणि हिरव्या रंगामधील छटा हाताने कालवून क्रमाने लावायच्या. कागदाला अशा घड्या घालायच्या की त्याने विटेचा भार पेलावा. दुपार कार्यशाळेत जाते. तेथे लाकूड, धातू व माती यांवर काम करताना सैल कपडे आणि उघडी पावले चालत नाहीत.

सायंकाळी प्रत्येकाचे काम भिंतीवर लागते आणि सर्वांसमक्ष त्यावर टीका होते. शाळेत चित्रकलेत नेहमी पहिल्या आलेल्या मुलाला हा अनुभव सुरुवातीला जड जातो. चित्र सुंदर आहे की नाही, यापेक्षा ‘हे असे का केलेस?’ हा प्रश्न येथे अधिक वेळा विचारला जातो. काम पुन्हा करावे लागते आणि त्यात रात्र जाते. कागद, रंग, छपाई आणि प्रतिकृतीचे साहित्य यांचा खर्च शुल्काव्यतिरिक्त असतो. प्रवेश घेताना त्याचा अंदाज अनेक कुटुंबांना नसतो.

प्रकल्प म्हणजे काय

वरच्या वर्गांत प्रकल्पांना महत्त्व येते. समजा, सार्वजनिक रुग्णालयातील दिशादर्शक फलकांचा प्रकल्प आहे. विद्यार्थी लगेच फलक आखायला बसत नाही. तो काही दिवस नोंदणी खिडकीजवळ उभा राहतो. हाती चिठ्ठी घेतलेला रुग्ण फलक न वाचता पहारेकऱ्यालाच विचारतो, हे त्याच्या लक्षात येते. काहींना वाचता येत नाही, काहींना ती लिपी येत नाही, तर काहींचे चित्तच थाऱ्यावर नसते. अशा वेळी फलकांऐवजी जमिनीवरील रंगीत पट्टा हे उत्तर असू शकते. त्यानंतर कच्ची रेखाटने, प्रतिकृती, प्रत्यक्ष चाचणी व दुरुस्ती असा क्रम असतो. सत्राच्या अखेरीस परीक्षक मंडळासमोर काम मांडावे लागते. विद्यार्थी त्याला ‘जुरी’ म्हणतात. शेवटचा पदवी प्रकल्प पुष्कळदा एखाद्या उद्योगासाठी किंवा संस्थेसाठी केला जातो.

अभ्यासाबाहेरचे काम

याच काळात बाहेरची कामेही येतात. लग्नपत्रिका, पुस्तकाचे मुखपृष्ठ, गणेश मंडळाचे फलक, ओळखीच्या दुकानदाराचे बोधचिन्ह, स्पर्धा. त्यातून हात तयार होतो आणि थोडी कमाईही होते.

वर्गाबाहेरच्या अशा कामाचे सर्वांत ठळक उदाहरण रुपयाच्या चिन्हाचे आहे. डी. उदयकुमार मुंबई आयआयटीत तमिळ अक्षररचनेवर संशोधन करत होते. रुपयाच्या चिन्हासाठी केंद्र सरकारने घेतलेल्या खुल्या स्पर्धेत त्यांनी आराखडा पाठवला. तीन हजारांहून अधिक प्रवेशिकांमधून त्यांच्या चिन्हाची निवड झाली आणि १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यावर शिक्कामोर्तब केले. पारितोषिक अडीच लाख रुपयांचे होते. देवनागरी ‘र’ आणि उभी रेघ नसलेले रोमन ‘आर’ यांचा मेळ त्यात आहे. वरच्या आडव्या रेषेतून शिरोरेषा सूचित होते. वर्षानुवर्षे अक्षरांच्या वळणांचा अभ्यास केलेल्या हाताचे ते काम होते.

याची दुसरी बाजूही आहे. अशा स्पर्धेत एकाला पारितोषिक मिळते आणि उरलेल्यांच्या श्रमाचे मोल शून्य ठरते. खाजगी कामांत तर ‘नाव होईल’ एवढ्या आश्वासनावर आराखडे मागितले जातात, आणि नाकारलेला आराखडा पुढे वापरात दिसला की काय करावे, हे विद्यार्थ्याला ठाऊक नसते.

कायदा काय सांगतो

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार मूळ कलाकृती निर्माण करणारी व्यक्ती सामान्यतः तिची पहिली मालक असते. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. परंतु वाद झाल्यास ती पुरावा म्हणून उपयोगी पडते. या नियमाला अपवाद आहेत. नोकरीत किंवा उमेदवारीत त्या कामाचा भाग म्हणून केलेल्या कलाकृतीची मालकी, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जाते. म्हणून प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू होताना करार वाचणे महत्त्वाचे आहे. मोबदला देऊन करवून घेतलेले छायाचित्र किंवा रंगचित्र यांनाही असाच अपवाद लागू होतो.

हक्क दुसऱ्याला द्यायचा असेल तर तो लेखी आणि स्वाक्षरीसह द्यावा लागतो. लेखात मुदत दिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेशाचा उल्लेख नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. हक्क विकल्यानंतरही आपण कर्ते आहोत असे सांगण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो.

वस्तूंच्या डिझाइनचा नियम निराळा आहे. खुर्ची, बाटली, दिवा यांसारख्या वस्तूंच्या रूपाला २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणीने संरक्षण मिळते. ते प्रथम दहा वर्षांचे असते व आणखी पाच वर्षे वाढवता येते. मात्र अर्ज करण्यापूर्वी डिझाइन प्रसिद्ध झालेले असेल, तर नोंदणी नाकारली जाऊ शकते. म्हणजे, वर्षअखेरचे काम उत्साहाने इंटरनेटवर टाकणारा विद्यार्थी नकळत आपली नोंदणीची संधी गमावू शकतो.

कारागिराचेही नाव

अनेक संस्थांत विद्यार्थी कारागिरांच्या वस्तीत राहून त्यांच्या कलेची नोंद करतात. विणकर किंवा कुंभार हाच तेथे शिक्षक असतो. त्याचा नमुना, त्याची पद्धत आपल्या प्रकल्पात घेताना तोच मालकीचा प्रश्न उलट दिशेने उभा राहतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले होते, तरी २०२५ मध्ये एका इटालियन फॅशन कंपनीने तशाच चपला आपल्या प्रदर्शनात मांडल्या. सुरुवातीला त्यात कोल्हापूरचा उल्लेख नव्हता. टीका झाल्यानंतर कंपनीने या प्रेरणेची कबुली दिली. स्वतःच्या रेखाटनावर नाव मागणाऱ्या विद्यार्थ्याने कारागिराचे नाव लिहिण्यात कुचराई करू नये, हा त्यातून मिळणारा धडा आहे.

थोडक्यात, बाहेरचे काम स्वीकारताना किती आराखडे द्यायचे, मोबदला किती, नाकारलेल्या आराखड्यांचे काय आणि नाव कोठे येणार, या चार गोष्टी एका कागदावर लिहून दोघांनी स्वाक्षरी करावी. स्पर्धेत भाग घेण्यापूर्वी हक्कांविषयीची अट वाचावी. प्रत्येक कच्चे रेखाटन तारखेसह जपून ठेवावे. एरवी रद्दीत जाणारे हे कागदच उद्या आपल्या कामाचे साक्षीदार ठरू शकतात.