दोन गाड्या, एक सांगाडा

मुलांनो, तुमच्या घरी नवा फ्रिज किंवा टीव्ही घ्यायचे ठरले की काय होते? बाबा एक म्हणतात, आई दुसरे म्हणते, शेजारचे काका तिसरेच सांगून जातात आणि तुम्ही मात्र रंगावर अडून बसता! आमच्या घरी २०२२ च्या दिवाळीआधी अगदी असेच झाले. फक्त वस्तू जरा मोठी होती. चांगली साडेचार मीटर लांब.

माझा दादा बांधकामाची कंत्राटे घेतो. राहतो तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला. त्याची जुनी गाडी फार बुटकी होती. आमच्या आईचे गुडघे दुखतात. ती म्हणायची, "बाबा रे, तुझ्या गाडीत बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं, आणि बाहेर यायचं म्हणजे विहिरीतनं वर यायचं!" शेवटी दादाने ठरवले, उंच गाडी घ्यायची. पण फार लांबलचक नको. आमच्या गल्लीत समोरून दूधवाल्याची रिक्षा आली तरी एकाला मागे जावे लागते.

पाहता पाहता दोन गाड्यांवर बोट थांबले. एक फोक्सवॅगनची टिग्वान. ती डिसेंबर २०२१ मध्ये नव्या रूपात आली, तेव्हा तिची शोरूममधली किंमत होती ३१ लाख ९९ हजार. दुसरी ऑडीची क्यू३. ती ऑगस्ट २०२२ मध्ये आली, किंमत ४४ लाख ८९ हजारांपासून पुढे. पहिली आपली साधी (बत्तीस लाखांच्या गाडीला साधी म्हणताना माझी जीभ अडखळते, पण असो) आणि दुसरी ऐटबाज.

मी पडले प्राथमिक शाळेतली बाई. एवढ्या पैशांच्या गोष्टीत मला कोण विचारतो! पण माझी भाची सई, तेव्हा सातवीत, आणि भाचा ओम, चौथीत. दोघांनी "आत्या, चल ना" करून मला शोरूममध्ये ओढत नेलेच. माझ्या पर्समध्ये मोजपट्टीची टेप होती. चौथीला मोजमापे शिकवणाऱ्या बाईच्या पर्समध्ये दुसरे काय असणार?

आता आधी एक गोष्ट समजून घेऊ. या गाड्यांना क्रॉसओव्हर म्हणतात. तुम्ही गावाकडे बोलेरो पाहिली असेल, मोठ्या माणसांनी सुमोमधून प्रवास केला असेल. त्या गाड्यांच्या पोटाखाली शिडीसारखा भक्कम लोखंडी सांगाडा असतो आणि त्यावर वरचे घर बोल्टने बसवलेले असते. बैलगाडीची साटी आणि तिच्यावर ठेवलेला टप, असे समजा ना! साध्या मोटारीचे तसे नसते. तिची तळाची चौकट, खांब, छप्पर सगळे एकमेकांना जोडून एकच कवच बनते, खेकड्याच्या पाठीसारखे. क्रॉसओव्हर म्हणजे अंगाने मोटार, पण उंचीने आणि रुबाबाने जीप. म्हणून ती खड्ड्यात आपटत नाही आणि वळणावर जीपसारखी डुलतही नाही.

तर पहिल्या शोरूममध्ये आम्ही टिग्वानपाशी गेलो. ओमने टेपचे एक टोक पुढच्या चाकाच्या मध्यावर धरले, मी दुसरे टोक मागच्या चाकाच्या मध्यावर. २६८ सेंटीमीटर. तिथला विक्रेता मुलगा हसायला लागला. म्हणाला, "मॅडम, हे सगळं पुस्तिकेत छापलेलं आहे." मी म्हटले, "असू द्या हो, पोरांना मोजू द्या." सईने टायरवरचा आकडा वहीत उतरवला: २३५/५५ आर १८. याचा अर्थ टायर २३५ मिलिमीटर रुंद, त्याच्या बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, आणि आतले चाक १८ इंचांचे. तुमच्या घरच्या गाडीचा टायरही वाचून पाहा, जमेल तुम्हाला.

मग दुसऱ्या शोरूममध्ये क्यू३. पुन्हा टेप. पुन्हा २६८! टायर वाचला. २३५/५५ आर १८! ओम माझ्याकडे बघायला लागला. "आत्या, कॉपी केली?"

कॉपी नाही हो. ऑडी ही कंपनी फोक्सवॅगनच्याच घरातली. एका घरात जसे एकाच मापाच्या पाटांवर सगळे जेवायला बसतात, तसे या घराने गाड्यांचा एक पायाभूत साचा बनवला आणि त्यावर कितीतरी गाड्या उभ्या केल्या. सई एकेक गोष्ट विचारत गेली आणि वहीत लिहीत गेली. इंजिन? दोन्हींत १९८४ सीसीचे पेट्रोल इंजिन. ताकद? दोन्हींत १९० पीएस. गिअर? दोन्हींत सात, आपोआप बदलणारे. चारही चाकांना जोर? दोन्हींत. एक कंपनी त्याला फोरमोशन म्हणते, दुसरी क्वाट्रो म्हणते, एवढाच फरक. युरो एनकॅप नावाची संस्था युरोपात गाड्या मुद्दाम आदळून त्यांची परीक्षा घेते. तिथे टिग्वानला २०१६ मध्ये पाच तारे मिळाले, क्यू३ ला २०१८ मध्ये पाच तारे.

"मग बारा लाख नव्वद हजार कशाचे?" सईने भर शोरूममध्ये मोठ्याने विचारले. वहिनीने तिला डोळ्यांनी गप्प केले, पण प्रश्न बरोबरच होता.

खोटे कशाला बोलू? क्यू३ मध्ये बसल्यावर मलाही ती जास्त आवडली. हात लागेल तिथे मऊ. दार लावले की जाड पुस्तक मिटल्यासारखा आवाज. बटणांची टकटकसुद्धा जपून बसवलेली. आणि समोर त्या चार कड्या. त्या कड्यांची गोष्ट मी मुलांना तिथेच सांगून टाकली. तुम्हालाही सांगते, कारण ती तुमच्याच वयाच्या एका मुलाची आहे.

जर्मनीत आउगुस्ट हॉर्ख नावाचे एक इंजिनिअर होते. त्यांनी स्वतःच्या नावाने मोटारींची कंपनी काढली. पुढे भागीदारांशी बिनसले, ते बाहेर पडले, १९०९ मध्ये नवी कंपनी काढली. पण जुने नाव आता वापरता येईना! नवे नाव शोधायला मोठी माणसे एका घरात जमली. त्याच खोलीत यजमानांचा शाळकरी मुलगा लॅटिनचा अभ्यास करत बसला होता. जर्मन भाषेत 'हॉर्ख' म्हणजे 'ऐक'. तो मुलगा म्हणाला, मग लॅटिनमध्ये 'आउडी' म्हणा ना, त्याचाही अर्थ 'ऐक'! मोठ्यांनी खरोखर ऐकले. पुढे १९३२ मध्ये ऑडीसह चार कंपन्या एकत्र आल्या, त्या चार म्हणून चार कड्या. आणि फोक्सवॅगनचा अर्थ माहीत आहे? लोकांची गाडी! बत्तीस लाखांची लोकांची गाडी. माझ्या ओळखीच्या लोकांत तरी एकाकडेही नव्हती.

घरी आल्यावर मी फळा नसल्याने कॅलेंडरच्या पाठीवर गणित मांडले. किमतीतला फरक १२ लाख ९० हजार. पण तो तिथेच थांबत नाही बरं का. महाराष्ट्रात तेव्हा वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला किमतीच्या १३ टक्के वाहन कर होता. म्हणजे नुसत्या फरकावर १ लाख ६७ हजार ७०० रुपये कर. विमा गाडीच्या किमतीवर, म्हणजे तोही जास्त. आणि फरकाची रक्कम कर्जाने काढली तर? व्याज नऊ टक्के, मुदत पाच वर्षे धरली तर महिन्याचा हप्ता येतो सुमारे २६,८०० रुपये. लक्षात घ्या, हा सगळ्या गाडीचा नाही, फक्त चार कड्यांचा आणि मऊ दारांचा हप्ता. मी शिक्षणसेवक होते तेव्हा चार महिन्यांचे मानधन मिळूनही एवढे होत नव्हते.

वहिनी म्हणाली, "मग टिग्वान तरी कशाला? पाच तारेच हवेत ना?" तिचे म्हणणे खोटे नव्हते. त्याच ऑक्टोबर महिन्यात ग्लोबल एनकॅपच्या परीक्षेत चाकणला बनणाऱ्या कुशाक आणि टायगून या लहान गाड्यांना मोठ्यांच्या आणि मुलांच्याही सुरक्षेसाठी पाच-पाच तारे मिळाले होते. त्यांची सुरुवातीची किंमत टिग्वानच्या निम्म्याहून कमी. माझे मत विचाराल तर मी तिथेच थांबले असते. पण गाडी दादाची, पैसे दादाचे. तो म्हणाला, "त्या बघितल्या. चांगल्या आहेत. पण मला मोठीच पाहिजे." विषय संपला.

मग तो बराच वेळ गप्प बसला. मुले झोपल्यावर म्हणाला, "तुला शहागंजचं ते लग्न आठवतं?" मला आठवत होते. आमचे अण्णा एसटीत कंडक्टर. दादा दहाएक वर्षांचा असेल. मंगल कार्यालयाबाहेर एक परदेशी गाडी उभी होती. दादा दोन्ही हातांची ओंजळ डोळ्यांभोवती धरून काचेतून आत बघत होता. ड्रायव्हर आला आणि त्याच्यावर खेकसला, "हात लावू नको, डाग पडतात." अण्णा तिथेच उभे होते. ते काही बोलले नाहीत, रुमालाने काच पुसून दिली.

यावर मी गणित काय सांगणार? हौसेला मोल नाही म्हणतात. मी कॅलेंडरची घडी घालून ठेवली.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन पुन्हा दोन्हीकडे गेलो. तिचा निकाल झटपट. टिग्वान क्यू३ पेक्षा पाच-सहा सेंटीमीटर उंच आहे. आई आत शिरताना डोके न वाकवता बसली. "हिच्यात पदर सावरून बसता येतंय," म्हणाली. क्यू३ मध्ये तिला मान खाली घालावी लागली. कमी उंच गाडी दिसायला देखणी, पण ते देखणेपण बाहेर उभे राहणाऱ्याला दिसते!

मागे तिघे बसून पाहिले. आई, सई आणि मध्ये ओम. दोन्ही गाड्यांत मध्ये बसणाऱ्याच्या पायाशी उंचवटा येतो, कारण मागच्या चाकांकडे जोर नेणारा दांडा खालून जातो. ओम कुरकुरला. त्याला सीटबेल्टही टोचत होता. तेव्हा दादा एकदम गंभीर झाला. दीडेक महिन्यापूर्वीच, ४ सप्टेंबर २०२२ ला, उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे पालघर जिल्ह्यात मोटार अपघातात निधन झाले होते. गाडी महागडी होती, पण मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले होते. अपघातात दोघेही गेले. दादा म्हणाला, "ओम, पट्टा लावायचा नसेल तर गाडीच घ्यायची नाही." मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा असा नियम आहेच, पण आपल्याकडे तो लावणाऱ्याला लोक हसतात. ओमने पट्टा लावला. क्यू३ मध्ये लावला, टिग्वानमध्येही लावला. टोचणे दोन्हीकडे सारखेच!

शेवटी टिग्वान आली. पाडव्याला आईने तिला ओवाळले. सई दोन दिवस फुगून होती, तिने मैत्रिणींना चार कड्या सांगून ठेवल्या होत्या ना! दादा त्या निर्णयाबद्दल फारसे बोलत नाही. रस्त्यात क्यू३ दिसली की अजून मान वळवून बघतो.

एक गंमत सांगते. ती टिग्वान आता नवी मिळत नाही. एप्रिल २०२५ मध्ये तिची पुढची पिढी आली, ती तयार होऊनच परदेशातून येणारी. किंमत ४८ लाख ९९ हजार! म्हणजे क्यू३ ची २०२२ मधली जी सुरुवातीची किंमत आम्हाला डोईजड झाली होती, तिच्याहूनही चार लाखांनी जास्त. परदेशातून अख्खी गाडी आणली की तिच्यावर भरमसाट आयात शुल्क बसते. सुटे भाग आणून इथे जोडले तर शुल्क बरेच कमी. साधी कोण आणि ऐटबाज कोण, हे कधी कधी बंदरावरच ठरते.

आणि जोडण्यावरून आठवले. दिवाळीची सुट्टी संपल्यावर दादा मला शाळेत सोडायला आला. आमची शाळा जालना रोडपासून आत, शेंद्रा एमआयडीसीच्या बाजूला. पोरे गाडीभोवती गोळा झाली. टेप काढून पुन्हा एकदा २६८ मोजून झाले. माझ्या वर्गातला एक मुलगा मात्र टेपकडे बघतच नव्हता. तो दाराजवळ उभा राहून दार आणि पत्रा यांच्यामधल्या फटीवरून नख फिरवत होता, वरपासून खालपर्यंत, सावकाश.

"काय रे, काय बघतोस?" मी विचारले.

"बाई, फट सारखी पाहिजे. माझे बाबा कंपनीत हेच बघतात." त्याने शेंद्र्याकडे बोट दाखवले. "ही गाडी तिथंच जोडतात. आणि ती चार गोलवाली असते ना, ती पण तिथंच."

मी दादाकडे पाहिले. तो ड्रायव्हरच्या सीटवरून उतरला. मुलाच्या शेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, "दाखव बघू, कशी बघायची फट?" मग दोघांची नखे त्या दारावरून वरून खाली गेली. काचेवर पोरांच्या बोटांचे किती डाग पडले होते! दादाने ते संध्याकाळपर्यंत पुसले नाहीत.