बंबाची गोष्ट

मागच्या मार्चात आमच्या वस्तीवर कडब्याची गंजी पेटली, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणींना माहीत आहे. तालुक्याहून बंब यायला सव्वा तास लागला. तोवर आम्ही 22 जणींनी विहिरीपासून गंजीपर्यंत रांग लावली आणि घागरी, बादल्या, पातेली, हाताला येईल ते भरून पुढे दिलं. गंजी गेली ती गेलीच. शेजारचा गोठा तेवढा वाचला. बंब आला तेव्हा आम्ही राख भिजवत होतो.

त्यानंतर नोव्हेंबरात गटाच्या चटण्या घेऊन आम्ही पाच जणी दिल्लीच्या सरस मेळ्याला गेलो. एक दुपार मोकळी मिळाली म्हणून रेल्वेचं संग्रहालय बघितलं, आणि तिथं एक बंब दिसला. 1914 सालचा, लाल रंगाचा, भरीव रबराच्या चाकांचा. इंग्लंडात जॉन मॉरिस नावाच्या कारखान्यात बनलेला आणि निजामाच्या रेल्वेनं सिकंदराबादला आणलेला. ही तीच रेल्वे, जी मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जायची. म्हणजे तसा आपल्या ओळखीतलाच म्हणायचा! दिल्लीत जुन्या मोटारींची फेरी निघते, तिच्यातही हा बंब चालून आलेला आहे. शंभरी ओलांडलेलं यंत्र कोणीतरी चालू ठेवलंय, याचं मला फार नवल वाटलं, आणि तेव्हापासून मी बंबांच्या मागेच लागले.

आधी शब्दच बघा. आपण आगीच्या गाडीलाही बंब म्हणतो आणि न्हाणीघरात पाणी तापवायच्या तांब्याच्या भांड्यालाही बंबच. पोर्तुगीज लोक पंपाला बोंबा म्हणतात, त्यावरून हा शब्द आपल्याकडे आला असं सांगतात. या दोन बंबांचं नातं पुढे येईलच.

लंडन शहर 1666 साली चार दिवस जळत होतं. 13,000 वर घरं गेली. तेव्हा त्यांच्याकडे काय होतं? चामड्याच्या बादल्या आणि पितळी पिचकाऱ्या. आपल्या रंगपंचमीच्या पिचकारीसारख्याच, पण इतक्या जड की दोघांनी धरायची आणि तिसऱ्यानं दट्ट्या दाबायचा. पुढच्या काही वर्षांत हॉलंडमध्ये यान व्हान डेर हायडेन या चित्रकारानं चामडं शिवून लांब नळी केली. हो, चित्रकारानंच. त्या नळीमुळे पाणी आगीच्या अगदी जवळ नेता यायला लागलं.

मग लंडनच्या रिचर्ड न्यूशॅमनं 1721 आणि 1725 साली आपल्या हातबंबाचे हक्क नोंदवले. लांबट लाकडी पेटी, खाली चाकं, दोन्ही बाजूंना आडवे दांडे. माणसं समोरासमोर उभी राहून दांडे वर-खाली करायची, काही जण मधे उभे राहून पायानं जोर द्यायचे. यातली खरी खुबी तुम्हाला रोज दिसते. पाठीवरचा फवारणी पंप आठवा. दांडा तुम्ही थांबून थांबून हलवता, पण फवारा काही तुटत नाही. कारण आत एक बंद कप्पा असतो, त्यात हवा कोंडलेली असते. तुम्ही पाणी आत ढकललं की हवा दबते, आणि हात वर जाईपर्यंत ती दबलेली हवाच पाणी बाहेर रेटत राहते. न्यूशॅमच्या बंबात हेच होतं. 1731 साली न्यूयॉर्क शहरानं असे दोन बंब विकत घेतले.

पण एक गोष्ट ऐका. या बंबाची पेटी भरायची कशानं? बादल्यांनीच. यंत्र आलं तरी रांग सुटली नाही. दांडा मारणाऱ्यांचे हात थोड्याच वेळात भरून यायचे, म्हणून बघ्यांना बोलावून जुंपायचे. लंडनमध्ये त्या बदल्यात बिअर मिळायची. बिअर संपली की लोक दांडे सोडून द्यायचे म्हणे!

पुढे वाफ आली. 1829 साली लंडनमध्ये वाफेचा पहिला बंब तयार झाला, पण तिथल्या अग्निशमन दलाच्या प्रमुखाला तो जड वाटला आणि वाफेला बरीच वर्षं कोणी विचारलं नाही. नवीन वस्तू आणली की घरातली थोरली माणसं जशी नाक मुरडतात, तसंच. शेवटी वाफ जिंकलीच. आता आपला न्हाणीघरातला बंब आठवा: खाली जाळ, मधून धुराची नळी, भोवती पाणी. वाफेच्या बंबाची उभी टाकी साधारण त्याच घडणीची, फक्त घट्ट बंद, म्हणून आत वाफेचा जोर साठायचा. जाळ आधीच रचून ठेवलेला असे. वर्दी आली की काडी लावायची, घोडे जुंपायचे आणि धूर सोडत निघायचं. आगीपाशी पोचेपर्यंत वाफ तयार. 1904 साली लंडनजवळच्या फिंचलेला पेट्रोलवर चालणारा बंब मिळाला. गाडी आणि पंप दोन्ही एकाच इंजिनावर. तिथून घोडे मोकळे झाले.

परदेशात असे मोडीत निघालेले बंब विकत घेऊन घरच्या शेडमध्ये जपणारे लोक आहेत. सुट्टीच्या दिवशी पितळ घासतात, जत्रेत तळ्यावर नेऊन पाणी उडवून दाखवतात, आणि कोणाचा बंब कुठल्या गावात कोणत्या आगीला गेला होता, याच्या नोंदी शोधून एकमेकांना सांगतात. मला आधी हसू आलं. नंतर कळलं, की पंप नुसता उभा ठेवला तर आतलं चामडं वाळतं आणि तो पाणी धरत नाही. पंपाच्या स्टोव्हचा चामडी वायसर कोरडा पडला की कितीही पंप मारा, हवा भरत नाही. मग आपण तेलाचा थेंब सोडतो ना? तसंच आहे हे.

बायका यात कुठे होत्या? इंग्लंडात केंब्रिजजवळच्या गर्टन कॉलेजच्या मुलींनी 1878 च्या सुमारास स्वतःचं आगीचं पथक उभारलं. निमित्त काय, तर जवळच्या शेतातली पेटलेली गंजी! हातपंप, बादल्या आणि नियमित सराव. ते पथक 50 वर्षांवर चाललं. आपल्याकडे नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात 2002 साली हर्षिनी कान्हेकर दाखल झाल्या. त्या देशातल्या पहिल्या महिला अग्निशामक.

आणि 14 एप्रिल 1944. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत कापूस आणि दारूगोळा भरलेल्या फोर्ट स्टिकिन जहाजाला आग लागली. बंब आले, जवान पाणी मारत राहिले. दुपारी चारनंतर जहाज फुटलं, मग पुन्हा एकदा फुटलं. अग्निशमन दलाचे 66 जण गेले. म्हणून 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात.

आता आमच्या रांगेबद्दल. त्या दिवशी आमची खरी अडचण पाण्याची नव्हती. भरलेली बादली पुढे आणि रिकामी मागे, दोन्ही त्याच हातांतून. मधे सगळा गोंधळ, अर्धं पाणी पायांवर. जुन्या काळी अमेरिकेतल्या गावांत दोन रांगा लावायचे: एकीतून भरलेल्या बादल्या पुढे, दुसरीतून रिकाम्या मागे. गेल्या शनिवारी आम्ही विहिरीवर तसं करून बघितलं. भरलेल्या रांगेला 14 जणी, रिकाम्या रांगेला 8 आणि हाताशी पोरं. 200 लिटरचं पिंप भरायला एका रांगेनं 9 मिनिटं लागली होती, दोन रांगांनी साडेपाच. घागरी मात्र बाद केल्या. ओली घागर हातातून निसटते, कडीची बादलीच बरी.

येत्या शनिवारी चार वाजता पुन्हा आहे. ज्यांना यायचंय त्यांनी कडी घट्ट असलेली बादली आणावी आणि पदर खोचून यावं. विजेच्या तारेजवळच्या आगीवर पाणी का टाकायचं नाही, ते वायरमनदादा त्याच वेळी दाखवणार आहेत.