ब्रिटन : वर्ग, शाळा आणि वर चढण्याची वाट

दोन मोजमापे
• निरपेक्ष गतिशीलता : मुले आई-वडिलांपेक्षा वरच्या दर्जाच्या कामात गेली का?
• सापेक्ष गतिशीलता : कामगाराच्या आणि डॉक्टरच्या मुलाला वरची जागा मिळण्याच्या शक्यतेत फरक किती? राजकीय भाषणांत दोन्हींची सर्रास गल्लत होते.

अकराव्या वर्षीची चाळणी
• १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर ‘इलेव्हन-प्लस’ परीक्षा रूढ. उत्तीर्ण मुले विद्यापीठाकडे नेणाऱ्या ग्रामर शाळेत, बाकीची बहुतेक सर्वसाधारण ‘सेकंडरी मॉडर्न’ शाळेत.
• १९६५ : लेबर सरकारचा कल सर्वांसाठी एकाच कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळेकडे.
• किराणा दुकानदाराची मुलगी, पुढे पंतप्रधान झालेल्या मार्गारेट थॅचर ग्रँथमच्या ग्रामर शाळेत शिकल्या. गंमत अशी, की त्यांच्याच शिक्षणमंत्रिपदाच्या काळात (१९७०-७४) अशा कित्येक शाळा कॉम्प्रिहेन्सिव्ह झाल्या.
• १९९८ : नव्या ग्रामर शाळांना बंदी. इंग्लंडमध्ये आता उरल्या आहेत १६३. स्कॉटलंड व वेल्समध्ये सरकारी ग्रामर शाळा नाहीत, उत्तर आयर्लंडमध्ये आहेत.

पैशाची शाळा
• इंग्लंडमधली सुमारे ७ टक्के मुले खासगी शाळांत. एकट्या ईटन या खासगी शाळेचे २० पंतप्रधान.
• १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट.
• इंग्लंडमधली विद्यापीठ फी : १९९८ मध्ये वर्षाला कमाल १,००० पौंड, २०१२ मध्ये कमाल ९,०००. स्कॉटलंडमध्ये शिकणाऱ्या स्कॉटिश पदवी विद्यार्थ्यांची फी सरकार भरते.