बिग बेनपासून बड्या ‘चीज’पर्यंत

धाकटा नव्वद किलोचा, थोरला पन्नासचा. तरी इंग्रजीत ‘बिग ब्रदर’ म्हणायचं ते थोरल्यालाच! ‘लार्ज ब्रदर’ म्हणालात तर थेट अंगकाठीवर बोट ठेवल्यासारखं होतं. आपल्याकडेही मोठा भाऊ ठरतो तो वयावर, वजनावर नाही. मात्र जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीनं १९४९ साली या दादाला सगळ्यांवर पाळत ठेवायला बसवलं, आणि पन्नास वर्षांनी टीव्हीवाल्यांनी त्याच्या नावानं घरभर कॅमेरे लावले. आपल्या ‘बिग बॉस’चा वंश तोच.

मुळात ‘बिग’चा जुना अर्थ आकाराचा नव्हेच. सातेकशे वर्षांपूर्वी हा शब्द इंग्रजीत दिसू लागला तेव्हा त्याचा अर्थ होता बलवान, धट्टाकट्टा. तो आला कुठून, याचा छडा अजून लागलेला नाही.

विश्वाच्या उत्पत्तीच्या सिद्धांताला ‘बिग बँग’ हे नाव ठेवलं खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी, १९४९ मध्ये, बीबीसी रेडिओवर. गंमत म्हणजे हा सिद्धांत त्यांना स्वतःला कधीच पटला नाही. विरोधकानं केलेलं बारसं, पण नाव टिकलं.

लंडनचं ‘बिग बेन’ म्हणजे ते मनोऱ्यावरचं घड्याळ, असं आपण शाळेपासून धरून चाललोय. खरं तर ते आतल्या घंटेचं नाव. वजन साडेतेरा टनांच्या वर. बांधकाम खात्याचे प्रमुख सर बेंजामिन हॉल अंगापिंडानं थोराड होते, त्यांच्यावरून ते नाव पडलं असावं. १८५९ साली घंटा वाजू लागली आणि दोनेक महिन्यांत तिला चक्क तडा गेला. मग काय, घंटा थोडी फिरवली, हातोडा हलका बसवला, काम भागलं. तडा आजही आहे, आणि तासांचे टोल त्या तडकलेल्या घंटेवरच पडतात! मनोऱ्याला २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर म्हणतात. म्हणजे मुंबईच्या राजाबाई टॉवरसारखा तोही आता बाईच्या नावाचा.

न्यूयॉर्कच्या ‘बिग ॲपल’ या टोपणनावाचा सफरचंदाच्या बागांशी संबंध नाही, घोड्यांशी आहे. न्यू ऑर्लीन्सच्या तबेल्यातल्या पोरांच्या तोंडी हा शब्द ऐकला आणि १९२०च्या दशकात आपल्या सदरात रुळवला, तो रेसचा वार्ताहर जॉन फिट्झजेराल्ड यानं.

अमेरिकी बोलीत ‘बिग हाउस’ म्हणजे तुरुंग, आपली बिनभाड्याची खोली. तिथून कैदी पळाला की तो ‘ॲट लार्ज’. आत असेपर्यंत बिग, बाहेर पडला की लार्ज! ‘बिगविग’ म्हणजे बडी असामी. जुन्या काळी साहेब जेवढा मोठा, तेवढा त्याचा केसांचा टोपही मोठा, त्यावरून हा शब्द आला.

माझा सर्वांत लाडका मात्र ‘बिग चीज’. अर्थ तोच, बडी असामी. पण हे चीज दुधाचं नव्हे. अनेक अभ्यासकांच्या मते ही आपली, फारसीतून हिंदी-उर्दूत आलेली ‘चीज’. ‘काय चीज आहे!’ मधली. गोऱ्या साहेबांनी ती इथून उचलली. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशातही तिची नोंद आहे. तेव्हा परदेशातल्या साहेबानं तुम्हाला ‘बिग चीज’ म्हटलं, तर पिझ्झा आठवू नका. कष्टाचं ‘चीज’ झालं म्हणतो ना, त्याच घरातला शब्द तो.